देवगाव फाटा आणि भाषाविज्ञानाचा पहिला तास

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात भाषाविज्ञानाचे अध्यापन बहुधा व्याख्यांनी सुरू होते. सोस्यूर, ब्लूमफील्ड, भाषेची लक्षणे, भाषाकुले आणि मग स्वनविचार, असा हा रुळलेला क्रम आहे. विद्यार्थी टिपणे उतरवतो, पाठ करतो आणि उत्तीर्ण होतो. परंतु ‘स्वनिम’ ही संज्ञा त्याच्या स्वतःच्या बोलण्यातील कोणत्या गोष्टीला लागू पडते, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. हा दोष विद्यार्थ्याचा नसून क्रमाचा आहे. भाषिक सामग्री आधी आणि संज्ञा नंतर, असा क्रम स्वीकारल्यावाचून हा विषय रुजणार नाही.

ही सामग्री शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. परभणी जिल्ह्यातील ‘देवगाव फाटा’ हे एकच नाव घ्यावे. ‘गावाला’ असे म्हणणारा माणूस ‘देवगावला’ म्हणतो, ‘देवगावाला’ म्हणत नाही. मात्र ‘त’ हा प्रत्यय लागताच तोच माणूस ‘देवगावात’ म्हणतो. ‘फाटा’ला तर ‘फाट्याला’, ‘फाट्यावर’ असे सामान्यरूप घेतल्यावाचून गत्यंतर नाही. सामान्य नाम आणि ग्रामनाम यांत भाषा भेद करते, प्रत्ययागणिक वेगळा नियम पाळते आणि हे नियम कोणी न शिकवता प्रत्येकाला अवगत असतात. एवढे विद्यार्थ्याने स्वतः टिपले, की रूपिम आणि त्याची पर्यायी रूपे ही कल्पना सांगण्यास दहा मिनिटे पुरतात.

स्वनिमाचेही तसेच आहे. ‘चार गुरे’ आणि ‘गुरांना कडबा चार’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. लिपीत ‘चार’ हा शब्द दोन्हीकडे एकच. पण पहिल्यातील च तालव्य, तर दुसऱ्यातील दंततालव्य आहे आणि तेवढ्या फरकाने अर्थ पालटतो. लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे तत्त्व येथे व्याख्येवाचून सिद्ध होते.

खरी कसोटी मात्र बोलीच्या प्रश्नाशी लागते. मराठवाड्यातील विद्यार्थी ‘तो काम करायलाय’ असे म्हणतो आणि शाळेपासून त्याला हे रूप अशुद्ध असल्याचे ऐकावे लागते. प्रमाण मराठीच्या कानाला हे ‘काम करायला गेला’ यातील ‘करायला’चेच बिघडलेले रूप वाटते. रूपे शेजारी मांडली, की हा समज टिकत नाही. ‘तो करायला गेला, ती करायला गेली, ते करायला गेले’ यांत ‘करायला’ अविकारी राहते. उलट ‘तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत’ यांत लिंगवचनानुसार विकार होतो. म्हणजे ही चालू क्रिया दर्शविणारी, स्वतःचे नियम असलेली क्रियापदाची स्वतंत्र रचना आहे. ज्या रूपाबद्दल त्याला ओशाळावे लागले, ते नियमबद्ध असल्याचा पुरावा विद्यार्थी स्वतः मांडतो, त्या क्षणी भाषाविज्ञान त्याचे होते.

यावर आक्षेप घेतला जातो, की अशाने प्रमाणभाषेची हेळसांड होईल. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण प्रबंध आणि मुलाखत यांची भाषा प्रमाण मराठीच आहे आणि ती न येण्याची किंमत ग्रामीण विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. परंतु ‘करायलाय’चा नियम ज्याला कळला, त्याला ‘करत आहे’ही अधिक नेमकेपणाने वापरता येते, कारण तो चुकीकडून शुद्धाकडे नव्हे, तर एका नियमाकडून दुसऱ्या नियमाकडे जात असतो. दुसरा आक्षेप अध्यापकांच्या तयारीचा आहे. मराठीचे बहुसंख्य अध्यापक साहित्याच्या अभ्यासातून आलेले आहेत, हे खरेच. तथापि, पहिल्या टप्प्याला प्रयोगशाळा लागत नाही. नीट ऐकणारा कान, वही आणि मोरो केशव दामले यांचे १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ एवढी सामग्री पुरेशी आहे.

याचा अर्थ सिद्धान्त वगळावा असा नव्हे. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेला सोस्यूरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वर्गटिपणांवरून सिद्ध झाला. त्यातील भाषाव्यवस्था आणि भाषिक वर्तन हा भेद, आपल्या घरची वीस वाक्ये तपासलेल्या विद्यार्थ्याला सहज कळतो. न तपासलेल्याला तो केवळ पाठ होतो.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि प्राचीनतेच्या पुराव्यांची चर्चा साहजिकच झाली. आज बोलल्या जाणाऱ्या मराठीचे वर्णन करणारे अभ्यासक घडविणे, ही जबाबदारी मात्र विभागांवरच आहे. त्यासाठी अंतर्गत मूल्यमापनात एक स्वाध्याय अनिवार्य करणे सहज शक्य आहे: प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील वीस वाक्ये ऐकली तशी लिहावीत आणि त्यांतील एक नियम पुराव्यानिशी मांडावा. परभणीच्या एखाद्या वर्गात असे तीस स्वाध्याय जमले, तर पुढच्या वर्षीच्या अध्यापनाला सहाशे वाक्यांची सामग्री हाताशी असेल.