पाऱ्याची खरी किंमत

घरोघरच्या कपाटांत औषधांच्या बाटल्यांमागे जुना काचेचा थर्मामीटर अजूनही आढळतो. चांगला चालतो, मग टाकायचा कशाला, असा प्रश्न कोणीही करील. आणि तो गैर नाही.

या उपकरणाचे तत्त्व साधे आहे. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो. काचही पावते, परंतु फारच कमी. या दोहोंतील फरकच आपल्याला नळीत चढताना दिसतो. एका अंश सेल्सिअसला पारा आपल्या आकारमानाच्या जेमतेम साडेपाच हजाराव्या भागाइतका वाढतो. ही अल्प वाढ डोळ्यांना दिसावी, म्हणून फुगा मोठा आणि नळी केसासारखी बारीक असते. पारा काचेला चिकटत नाही आणि उणे ३९ अंशांपासून ३५७ अंशांपर्यंत द्रवरूप राहतो. म्हणूनच फॅरनहाइटने १७१४ साली केलेली त्याची निवड तीन शतके टिकली.

तथापि वस्तूच्या बाजारभावात तिचा सर्व खर्च येतोच असे नाही. काही खर्च तिसऱ्याच्या माथी पडतो. नळी फुटली की पाऱ्याचे मणी फरशीच्या फटींत जातात. तेथे त्यांची विषारी वाफ होते. ती दिसत नाही, तिला वासही नसतो. तमिळनाडूतील कोडाईकनालचा तापमापकांचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २००१ साली बंद पडला. तेथील माती शुद्ध करण्याचा प्रश्न मात्र पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. तो खर्च थर्मामीटरच्या किमतीत कोणी धरला होता?

पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारास भारताने २०१८ साली मान्यता दिली. अशा थर्मामीटरांच्या उत्पादनासाठी व व्यापारासाठी त्या करारात २०२० ही मुदत होती. पर्यायही आहेत : गॅलियम, इंडियम व कथील यांचा द्रवरूप मिश्रधातू काचेच्या नळीत याच तत्त्वावर काम करतो, आणि त्यास बॅटरी लागत नाही. ग्रामीण आरोग्य केंद्रांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

प्रश्न उरतो तो घरांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत साठलेल्या जुन्या नळ्यांचा. फुटलेला थर्मामीटर हा घरगुती घातक कचरा होय, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी ठरवले आणि तो स्वीकारणारी केंद्रे उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आपल्या गावात असे केंद्र कोठे आहे, हे किती नागरिकांना सांगता येईल? नगरपालिकांनी ते पत्ते ठळकपणे जाहीर करावेत. तोवर या नळ्या केराच्या टोपलीत टाकणे म्हणजे आपला खर्च शेजाऱ्याच्या खात्यावर मांडणे होय.