तळटीपेतली सोफी

मैत्रिणींनो, गणिताचं नाव काढलं म्हणून पान उलटू नका. मी स्वतः बी.ए., तेही मराठी घेऊन. दहावीनंतर गणिताशी संबंध उरला तो दूधवाल्याच्या हिशेबापुरता!

परवा आमच्या मंडळाच्या अभ्यासवर्गात नववीतल्या एका मुलीने पाच ओळी नीट सोडवलेल्या उदाहरणावर भली मोठी काट मारली. "अगं, इथवर बरोबर होतं की!" तर म्हणते, "काकू, उत्तरच आलं नाही, मग काय उपयोग?" मग मी तिला सोफी जर्मेनची गोष्ट सांगितली.

तीनचा वर्ग आणि चारचा वर्ग मिळून पाचचा वर्ग होतो. ९ आणि १६ मिळून २५. पण वर्गाऐवजी घन किंवा त्यापुढचा कुठलाही घात घेतला, तर पूर्ण संख्यांची अशी जुळणी कधीच होत नाही, असं फर्मा या फ्रेंच गृहस्थाने १६३७ च्या सुमारास एका पुस्तकाच्या समासात लिहिलं. वर म्हणे सिद्धता आहे, पण समासात मावत नाही! चौथ्या घाताचं त्याने स्वतः दाखवलं, घनाचं पुढे ऑयलरने. पण घात काय, न संपणारे. एकेक करून किती सोडवणार?

सोफी पॅरिसच्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी, जन्म १७७६ चा. रात्री जागून गणित करते म्हणून आईवडील मेणबत्त्या काढून घेत, असं सांगतात. (आपल्याकडे टीव्ही बंद करतात, हिच्याकडे अभ्यास!) १७९४ मध्ये तिथे एकोल पॉलिटेक्निक सुरू झालं, पण मुलींना प्रवेश नव्हता. हिने व्याख्यानांची टिपणं मिळवली आणि 'ल ब्लाँ' या पुरुषाच्या नावाने आपलं लेखन लॅग्रांजकडे पाठवलं. १८०४ पासून थोर गणिती गाउसशी पत्रव्यवहार केला, तोही त्याच नावाने. खरं नाव त्याला कळलं १८०७ मध्ये.

तिने केलं ते असं. एक विषम मूळ संख्या घ्या, दुप्पट करून एक मिळवा. येणारी संख्याही मूळ असेल, जसं ५ वरून ११, तर त्या घातापुरतं सिद्ध होतं की जुळणी असलीच, तर तिघींपैकी एका संख्येला त्या घाताने भाग जायलाच हवा. हीच रीत वाढवून तिने १०० च्या आतले सगळे विषम मूळ घात एकदम कवेत घेतले. कोडं सुटलं नाही, पण शोधायची जागा केवढी आटली! पाचव्या घाताचं उरलेलं काम १८२५ मध्ये दिरिक्ले आणि लेजांद्र यांनी पुरं केलं.

आणि तिचं हे काम जगाला कळलं कुठून? लेजांद्रच्या निबंधातल्या तळटीपेतून. त्याने नाव दिलं, हा त्याचा चांगुलपणाच. पण तिच्या कागदांत तर सगळंच कोडं सोडवण्याचा बेत होता. १८१९ मध्ये तिने तो गाउसला कळवला होता. घनाच्या बाबतीत तो बेत टिकत नाही, हेही पुढे तिनेच दाखवलं. हे फसलेले कागद लोकांनी नीट वाचले ते जवळजवळ दोनशे वर्षांनी. मला राग येतो तो याचा. अर्धं काम करणाऱ्या पुरुषाला 'पाया घालणारा' म्हणतात. बाईचं अर्धं काम तळटीपेत जातं. १८३१ मध्ये ती स्तनाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावरही गणिती असं लिहिलं नाही, मालमत्तेच्या उत्पन्नावर जगणारी असंच लिहिलं.

पूर्ण सिद्धता दिली अँड्र्यू वाइल्स यांनी, १९९४ मध्ये, अगदी वेगळ्या वाटेने.

"म्हणजे सोफीला उत्तर कळलंच नाही?" पोरीने विचारलं. नाही गं, १६३ वर्षं आधीच गेली ती. मुलगी जरा वेळ गप्प बसली. मग विचारते, "काकू, परीक्षेत पायऱ्यांचे गुण देतात ना?" देतात, म्हटलं. तिने पान उलटलं आणि काट मारलेल्या पाच ओळी पुन्हा उतरवायला घेतल्या.