पुन्हा त्याच भिंती बांधू नका

नदीकाठच्या माझ्या सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,



२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाण्यानं आपल्या घरांत जी खूण सोडली, ती पुष्कळांच्या भिंतींवर अजून दिसते. काहींच्या भिंतीच राहिल्या नाहीत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ साली कृष्णा तिथं ५७ फुटांवर होती. २००५ चा पूर सगळ्यांत मोठा, असं आपण चौदा वर्षं म्हणत होतो. त्यानंतर दोन वेळा त्याहून मोठा पूर आला.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा वाद सरकारं लढतील, आणि तो लढलाच पाहिजे. पण आपलं घर कशाचं बांधायचं, हे आपल्या हातात आहे. तेवढ्यासाठीच हे जाहीर आवाहन करतो आहे.

मी याच पट्ट्यातला. आमचं जुनं घर कच्च्या विटांचं, वर खापरी, पुढं सोपा आणि मागं परडं. २०१९ ला ते पाणी असताना पडलं नाही. आठवडाभर ते पाण्यात उभं होतं. पाणी ओसरलं, आम्ही परत आलो, चिखल काढायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी माजघराची भिंत बसली. सुदैवानं आत कुणी नव्हतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं असंच झालं. कारण साधं आहे. कच्ची वीट आणि मातीचा सांधा पाणी पिऊन जड होतो आणि मऊ पडतो. बाहेर पाणी उभं असतं तोवर दोन्हीकडचा दाब भिंतीला सावरून धरतो. पाणी उतरलं की तो आधार जातो, आणि मऊ झालेल्या भिंतीला छताचं ओझं एकटीनं पेलवत नाही. त्यात आपली काळी जमीन. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो.

भाजक्या विटांची भिंतसुद्धा छताचं ओझं स्वतःवर घेणारी असेल तर निर्धास्त राहू नका. एका बाजूला तीन फूट पाणी चढलं आणि आत अजून शिरलं नसेल, तर दहा फूट लांबीच्या भिंतीवर साधारण सव्वा टन रेटा येतो. आपल्या भिंती वरून येणारं ओझं पेलायला बांधलेल्या असतात, बाजूनं येणाऱ्या रेट्यासाठी नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, ज्यांना घर नव्यानं बांधायचं आहे त्यांनी ते लोखंडी सांगाड्यावर बांधावं. छताचा आणि मजल्याचा भार खांब आणि गर्डरवर असावा, भिंत फक्त आडोसा असावी. पाण्यात भिंत खराब झाली तर ती बदलता येते, घर उभं राहतं. लोखंड पाणी पीत नाही, फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही.

‘पत्र्याचं घर म्हणजे गरिबाचं घर’ हे मी खूप वेळा ऐकलंय. आपल्या साखर कारखान्यांचे, सूतगिरण्यांचे, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांचे मोठमोठे शेड कशावर उभे आहेत, ते एकदा बघा. सरकारच्या लाइट हाऊस प्रकल्पात आगरतळ्याला एक हजार घरं स्टीलच्या सांगाड्यावर घेतली. लोखंडी सांगाडा आणि उन्हात तापणारं पत्र्याचं खोपटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छताला दुहेरी पत्रा आणि मधे उष्णतारोधक थर, खाली सिलिंग, भिंतींना फायबर सिमेंट बोर्ड एवढं केलं तर ते घर पक्क्या घरासारखंच राहतं.

लोखंड गंजतं, हे मात्र खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. आपल्या गोठ्याचे खांब बघा. वरून धडधाकट दिसतात आणि घोट्याएवढ्या उंचीवर, शेण-मुताच्या ओलीत, पार खाल्लेले असतात. तो खांब सरळ मातीत किंवा जमिनीलगतच्या काँक्रीटमध्ये पुरलेला असतो आणि रेड ऑक्साइडचा एक हात मारून मोकळं व्हायचं, अशी आपली पद्धत. घराला ही पद्धत चालणार नाही. खांब जमिनीपासून वर आलेल्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर बेस प्लेट ठेवून अँकर बोल्टनं घट्ट बसवावा. या बोल्टमध्ये काटकसर करू नका; हलकं घर पाण्यात उचललं जाऊ शकतं. सगळे भाग आधी कापून, भोकं पाडून घ्यावेत आणि मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करून आणावेत. जागेवर जितकं जमेल तितकं नट-बोल्टनं जोडावं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कुठं वेल्डिंग करावंच लागलं तर त्यावर जस्ताचा पेंट न विसरता द्या. पोकळ पाइपाच्या तळाला पाणी निघून जायला भोक हवं, नाहीतर पुराचं पाणी आत साठून पाइप आतून खातं आणि तुम्हाला ते कळतही नाही. पूर ओसरला की खांबांवरचा गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा. आणि सांगाड्याला अर्थिंग केल्याशिवाय वीज जोडून घेऊ नका. स्विचबोर्ड पुराच्या खुणेच्या वर असावेत.

घर उंच खांबांवर घ्यावं, असं मी सुचवतो. खाली मोकळं ठेवा, ट्रॅक्टर, वैरण, जनावरं तिथं राहू देत. राहत्या मजल्याची जमीन मात्र २०१९ आणि २०२१ या दोन खुणांपैकी जी वरची, तिच्याहून दोन-तीन फूट तरी वर असावी. खालच्या खांबांना तिरकं ब्रेसिंग हवंच. नुसत्या उभ्या खांबांवरचं घर नदीच्या ओढीत डळमळतं. शिवाय भूकंपातही हेच ब्रेसिंग घर सावरतं; १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण सांगणारी माणसं आपल्या गावात अजून आहेत. काळ्या जमिनीत पाया किती खोल आणि कसा घ्यायचा, हे इंजिनिअरकडून ठरवून घ्या. तिथं अंदाज नको.

ज्यांच्या घराच्या छताला पाणी लागलं होतं, त्यांना एक कडू गोष्ट सांगतो. त्यांच्यासाठी खांब हा उपाय नाही, त्यांनी जागाच बदलावी. निळ्या पूररेषेच्या आत तर नवं घर घालूच नका. ती रेषा सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आहे. आपण दोन वर्षांत दोन मोठे पूर पाहिले. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या, तरी शेताजवळ राहायचं म्हणून अनेकांनी जुनं गाव सोडलं नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्याची म्हैस आणि ऊस नदीकाठी आहे, त्याला विचारा. बोल्टनं जोडलेला सांगाडा मला इथं फार मोलाचा वाटतो. उद्या पुनर्वसनाची जागा मिळाली, तर घर सुटं करून नेता येतं. विटांचं घर सोडताना मागं ढिगारा तेवढा उरतो.

खर्चाचं बोलू. प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट भागात घरकुलाला १,२०,००० रुपये मिळतात. त्यात असा सांगाडा पुरा होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून एकेकट्यानं फॅब्रिकेटरकडं जाऊ नका. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून एकच मोजमाप, एकच नकाशा ठरवावा. फॅब्रिकेटर दर किलोवर सांगतो. वजन किती, पत्रा किती जाडीचा, जस्ताचा थर कसा, हे कागदावर लिहून घ्यावं. गॅल्व्हनायझिंगसाठी दहा घरांचा माल एकदम गेला तर वाहतूक वाटून जाते. गावच्या गवंड्याचं कामही बुडत नाही. चौथरे, पाया, जोतं त्याच्याच हातचं. ग्रामपंचायतींना विनंती आहे की, गावात प्रत्येक गल्लीत दोन्ही पुरांची खूण पक्क्या रंगानं आखून ठेवावी आणि घरकुलाचा प्रस्ताव करताना ती उंची त्यात लिहावी.

ब्रह्मनाळला २०१९ च्या ऑगस्टमध्ये बोट उलटून सतरा माणसं गेली. घर सोडून बाहेर पडण्याची वेळ आली तर बाहेर पडायचंच, घर कितीही मजबूत असो. घर मजबूत हवं ते परत येण्यासाठी.

दिवाळी झाली की आपल्याकडं बांधकामं सुरू होतात. यंदा पायाला कुदळ मारण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या, पुराची खूण टेपनं मोजा, तो आकडा कागदावर लिहा आणि इंजिनिअरच्या हातात द्या. नकाशा त्यानंतर काढायला सांगा.

आपलाच,
शिरोळ तालुक्यातील एक पूरग्रस्त ग्रामस्थ