आधी दाखला, मग टाइमलाइन

मागच्या अंकात थकलेल्या पैशांबद्दल चार ओळी छापल्या आणि पत्रांचा ढीग लागला. पत्रं म्हणजे सगळे व्हॉट्सअ‍ॅपच. पण वाचण्यात दोन रात्री गेल्या. नालासोपाऱ्याचा साउंडवाला, विरारची डबिंग लेखिका, आगाशीत घराच्या माळ्यावर एडिटचा सेटअप लावलेला तरुण, नायगावच्या सेटवर आर्टचं काम घेणारे दोघे भाऊ. रकमा वेगळ्या, मालिका वेगळ्या, रडगाणं एकच: काम दिलं, टेलिकास्ट झालं, पैसे नाहीत. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, 'आता काय करता येईल?'

या 'आता'चा मला राग येतो. तो यायचा मला हक्कही आहे, कारण हीच चूक मी केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालिकेचे एपिसोड कापत होतो. दर फोनवर ठरला, कागद नाही. बिलं वेळच्या वेळी दिली, आणि ती दिली मालिकेच्या नावाने! एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरने तसं सांगितलं, मी तसं केलं. मालिका गुंडाळली तेव्हा वकिलाकडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "नोटीस काढू कुणावर?" मालिका ही ना माणूस, ना कंपनी. हार्ड डिस्क प्रोजेक्ट फाइलींसकट आधीच पोचती केलेली. अंधेरीच्या त्या ऑफिसात पुढे दातांचा दवाखाना आला. दुखणं माझं, खुर्ची तिथे, पण उपयोग काय!

वसईचा माळी पहाटेच्या गाडीने मोगऱ्याची, चाफ्याची टोपली घेऊन दादरला जातो आणि पैसे कनवटीला लावूनच परततो. फूल संध्याकाळपर्यंत कोमेजणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो फुलाच्या आधी पैशाचं बोलतो. आपला एपिसोड फुलापेक्षाही नाशिवंत. टेलिकास्टच्या रात्री साडेआठपर्यंत प्रॉडक्शनचे दहा फोन येतात, नऊनंतर आपला फोन उचलायला कुणी नसतं. तरी आपण ९० दिवसांची उधारी देतो आणि तिला 'इंडस्ट्रीची पद्धत' म्हणतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत दृक्-श्राव्य माध्यमातल्या कामगारांचा उल्लेख आहे, डबिंग कलाकारांचा आणि स्टंटवाल्यांचाही. नेमणूकपत्र मिळेल, पगार वेळेवर होईल, अशी ग्वाही आहे. पत्रलेखकांपैकी बरेच जण यावर हुरळले आहेत. त्यांना एवढंच सांगतो की चित्रपट कामगारांशी लेखी करार करावा, हे १९८१च्या कायद्यातही होतं. तो करार तुमच्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला? शिवाय सेटवर नोकरीला असलेल्याचं ठीक आहे. स्वतःच्या मशीनवर काम करून बिल पाठवणारा माणूस पगारी नोकर ठरत नाही, तो पुरवठादार ठरतो. त्याचा कायदा दुसरा, आणि तो २००६ सालापासून पडून आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या त्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात ९० लिहिले, तरी ४५च. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक रेट साडेपाच असेल तर व्याज साडेसोळा टक्के. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही त्याला कायदा १५ दिवसांत पैसे देतो, आणि कागद नाही म्हणूनच त्याला ते १५ दिवस सिद्ध करता येत नाहीत.

या कायद्यातली आपल्या कामाची ओळ मात्र कुणी वाचत नाही. काम पोचल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. चॅनलचे 'थोडे चेंजेस' दोन-दोन महिने चालतात आणि पेमेंटच्या वेळी 'काम अजून अप्रूव्ह कुठे झालंय?' असं ऐकावं लागतं, ते आठवा. त्यावरचं औषध एक ईमेल आहे. अमुक तारखेला, अमुक एपिसोडची फायनल फाइल, अमुक लिंकवर दिली. बस. फोनवर 'भेजा है, देख लो' म्हणून काम पोचत नाही, निदान कायद्याच्या हिशेबी तरी नाही.

आता मुख्य दुखणं. हे सगळं मिळतं ते सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारची उद्यम नोंदणी असलेल्याला, आणि नोंदणीची तारीख कामाच्या आधीची हवी. सिल्पी इंडस्ट्रीजच्या २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नोंदणीनंतरच्या पुरवठ्यालाच या कायद्याचा लाभ. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने या मताबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला, हे खरं. पण मोठ्या पीठाच्या भरवशावर धंदा करणारा माणूस पाऊस सुरू झाल्यावर कौलं शाकारायला वर चढतो. पत्र लिहिणाऱ्यांना मी उलट विचारलं, नोंदणी कधीची? बहुतेकांची नाहीच. काहींनी पैसे बुडाल्यावर, तक्रार करायची म्हणून केलेली.

आणि ज्यांनी वेळेत केली त्यांची सरकारने काय गंमत केली पाहा. आपल्या डबिंग लेखिकेची नोंदणी एका एजंटाने करून दिली. नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते, तरी एजंट लागतोच. त्याने यादीतला हाताला लागेल तो कोड टाकला: किरकोळ व्यापार. संवाद लिहिणारी बाई कागदावर दुकानदार झाली. २०२१ मध्ये केंद्राने व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतं; थकबाकीच्या तक्रारीचं दार त्यांना बंद. तो कोड या कामाला चालेल का, हे पोर्टलने एका शब्दाने विचारलं नाही. दाखल्यावर राजमुद्रा मात्र ठसठशीत.

तक्रारीसाठी २०१७ पासून 'समाधान' पोर्टल होतं, २०२५ पासून ऑनलाइन तंटा निवारणाचं नवं पोर्टल आहे. मागितलेली कागदपत्रं पाहिली की वाटतं, हे वालीवच्या नटबोल्टवाल्यासाठी बनवलं आहे. वर्क ऑर्डर, चलन, माल पोचल्याची पावती. कलर करेक्शनचं चलन कुठून आणायचं? पुढे प्रकरण याच कायद्याखालच्या परिषदेकडे जातं. कोकण विभागाची परिषद ठाण्याला. वसईहून ठाणं म्हणजे घोडबंदर रोड, म्हणजे अर्धा दिवस फाउंटन हॉटेलपाशीच्या जाममध्ये. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. ९०! हा आकडा आपल्या पाठीच लागला आहे, आणि तो इथेही पाळला जात नाही. तरीही तक्रार करा, असंच मी म्हणेन. निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर देणेकऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि ही तरतूद त्यांच्या अकाउंटंटला तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

मार्चची गोष्ट निराळी. प्राप्तिकराच्या ४३ब(ह) कलमामुळे सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला बाकी राहिलं, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. म्हणून या महिन्यात एरवी मुके असलेले अकाउंट विभाग अचानक बोलके होतात: 'तुम्ही उद्यम आहात का?' काही ठिकाणी तर उद्यम नसलेल्यालाच काम देऊ, असंही सुचवलं जातं. जूनचं बिल फेब्रुवारीत दिलं तर या कलमाने कुणाचं काही बिघडत नाही, ही त्यातली पळवाट. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा. कलमांचे आकडे बदलतील, अकाउंट विभागाचा स्वभाव बदलणार नाही.

एक पुरावा मात्र आपल्या हातात असून आपण बघत नाही. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात बिल जमा धरताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. त्यामुळे पैसे न मिळता तुमच्या २६एएसमध्ये कंपनीच्या नावाने नोंद दिसू शकते. आगाशीच्या तरुणाच्या बाबतीत तसंच आहे. तो म्हणतो, 'पैसे नाही दिले, वर टॅक्स कापला!' अरे बाबा, तुझं बिल आपल्या वहीत घेतल्याचं कंपनीने सरकारला कळवलं आहे. याहून चांगला साक्षीदार कुठला? तो कागद छापून तक्रारीला जोड.

पण हे सगळं सांगताना मनात एक शंका आहेच. पत्रांतल्या तिघांनी लिहिलंय की पैसे थकले असतानाही त्याच प्रॉडक्शनचं पुढचं काम घेतलं, 'नाही म्हटलं तर मागचेही बुडतील' म्हणून. या भीतीला माझ्याकडे कलम नाही. एवढं ठाऊक आहे की पुढचं काम घेतलं म्हणून माझे मागचे पैसे आले नाहीत, उलट थकबाकी दुप्पट झाली. आपल्यातलाच एक जण अ‍ॅडव्हान्स मागतो आणि दुसरा त्याच संध्याकाळी विनाअ‍ॅडव्हान्स, कमी दरात ते काम उचलतो. तेव्हा प्रोड्यूसरला दोष देताना जीभ जरा अडखळते.

मंडळी, ३१ मार्चला फार दिवस राहिलेले नाहीत. आज रात्री रेंडर लावाल तेव्हा मोबाइलवर गेम न खेळता उद्यमचा दाखला उघडा. नसेल तर काढा, एजंटाविना. असेल तर कोड तपासा: पोस्ट-प्रॉडक्शनला ५९१२, ध्वनिमुद्रणाला ५९२०. व्यापाराचा पडला असेल तर दुरुस्त करून घ्या. बिल कंपनीच्या पूर्ण नावाने काढा, वर उद्यम क्रमांक टाका. प्रोजेक्ट फाइली शेवटच्या चेकनंतरच द्या, तोवर वॉटरमार्कची प्रत. या अंकाच्या मधल्या पानावर कामाच्या पत्राचा नमुना छापला आहे, एकाच पानाचा. कापून ठेवा, पुढच्या कामाला वापरा, आणि कुणी सही करायला नकार दिला तर काय कारण सांगितलं ते आम्हाला कळवा. एप्रिलच्या अंकात ती कारणं, नावं वगळून, छापू.