माळ आणि तिसरा डोस

आमच्या टीममधला एक जण मध्यंतरी तीन आठवडे काविळीने घरी होता. 'हिपॅटायटिस ए'. परत आला तो गळ्यात काविळीची माळ घालून! "माळ वाढत वाढत पोटापर्यंत आली आणि कावीळ उतरली," म्हणाला. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस हा!

आता 'ए'ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. श्रेय माळेला. पण 'बी'चं काय? तो रक्तातून, असुरक्षित संबंधांतून, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. कित्येकदा काहीही लक्षणं न दाखवता वर्षानुवर्षं यकृतात बसून राहतो आणि शेवटी सिरोसिस किंवा कॅन्सर. माळ घालायची म्हटली तरी आधी कावीळ दिसायला तर हवी ना!

गंमत बघा. 'ए' लहानपणी झाला तर बहुधा कळतही नाही, मोठेपणी मात्र आडवं करतो. म्हणजे फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेले आपण तिशीत सापडतो. 'बी'ची लस सरकारी लसीकरणात देशभर आली २०११च्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या आपल्यापैकी अनेकांना ती कुणी टोचलीच नाही.

मोठ्यांसाठी दोन्हींची एकत्रित लस असते. तीन डोस: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिच्या एका डोसात 'ए'चा भाग स्वतंत्र लशीच्या निम्माच असतो, त्यामुळे एक टोचून घेतली की झालं, असं नाही. इथे एकत्रित मिळाली नाही तर दोन वेगळ्या घ्याव्यात. आधी 'बी'साठी रक्त तपासलेलं बरं. संसर्ग असेलच तर लस तो घालवत नाही. आणि 'सी', 'ई'वर हिचा उपयोग नाही, तेव्हा पाण्याची काळजी सुटत नाही.

एवढं शहाणपण सांगतोय, पण माझं काय? जर्मनीत ऑनसाइटला असताना दोन डोस घेतले. तिसऱ्याच्या आधी परत आलो आणि विसरलो. दोन वर्षं! माळवाल्याला हसण्याचा मला काय अधिकार?

डॉक्टरांना विचारलं. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा, बस्स. सोमवारी सकाळची वेळ घेतलीये. माळवाल्यालाही सोबत नेतोय, 'बी'साठी.

तुमचा कितवा राहिलाय?