दिशा आधी, प्रवास मागून

आयुष्याची दिशा सापडावी म्हणून हातची नोकरी सोडून पृथ्वीप्रदक्षिणेस निघण्याचा बेत हल्ली काही तरुण दांपत्ये करितात. देशाटनाने मनुष्य बहुश्रुत होतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दिशा शोधण्यासाठीच जग फिरावे, हे आम्हांस पटत नाही.

आनंदीबाई व गोपाळराव जोशी या दांपत्याचे चरित्र पाहावे. त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन दगावले. आपल्या देशात स्त्रियांस स्त्री-डॉक्टर मिळत नाही, ही उणीव आनंदीबाईंच्या मनास लागून राहिली. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनरी कॉलेजात, भरसभेत, आपण अमेरिकेस का जातो हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि पतीस मागे ठेवून त्या एकट्याच निघाल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास निवर्तल्या. रुग्णसेवेस अवधी मिळाला नाही, तथापि मागून येणाऱ्या मुलींस वाट दिसली. त्यांना दिशा सापडली ती घरातील दुःखात. आगबोट हे केवळ साधन होते.

आमच्या सोनईपासून जवळच, नेवाशास, ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवर टीका सांगितली. त्यासाठी त्यांस समुद्र ओलांडावा लागला नाही.

म्हणून, विद्यार्थीमित्रहो, शेजाऱ्याची अडचण काय आहे, हे प्रथम पाहा. तिच्या निवारणार्थ सातासमुद्रापलीकडे जावे लागले तर अवश्य जा. आणि पालकांनीही मग मुलास, तसेच मुलीसही, अडवू नये.