फुकट ऐकू येते, मग जायचे कशाला?



शेताच्या कामात गाण्याचा विषय काढला की कोणी म्हणेल, यांना बरे सुचते. पण प्रत्येक घरात कोणाचा ना कोणाचा आवाज लाडका असतो. कोणाला कीर्तनकाराचा, कोणाला शाहिराचा, कोणाला अभंग गाणाऱ्या बुवांचा. पूर्वी तो आवाज रेडिओतून यायचा, मग टेपरेकॉर्डर आला, आता मोबाइल आहे. एकादशीला तोच आवाज देवळाच्या कर्ण्यावरून साऱ्या गावाला ऐकू जातो. आवाज ओळखीचा, पण गाणारा माणूस पाहिलेला नसतो. त्याला एकदा समोर बसून ऐकावे असे घरातल्या कोणाच्या मनात आले, की लगेच दुसरा विचारतो, "फुकट ऐकू येते, मग पैसे घालून जायचे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. गाडीभाडे, तिकीट आणि कामाचा खाडा, हे सगळे शेतकऱ्याच्या घरात मोजूनच करावे लागते. म्हणून आज या प्रश्नाचा हिशेब मांडू.

आमच्या घरी हा प्रश्न १९८५ साली निघाला. आमचे खेडे मालेगाव जहाँगीरजवळचे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. आमच्याकडे सोयाबीन तेव्हा आले नव्हते. कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद हीच पिके. घरात सेलवर चालणारा एक रेडिओ होता. सेल महाग, म्हणून तो बातम्या आणि बाजारभाव यांच्यापुरताच लावायचा असा वडिलांचा कायदा. मात्र भीमसेन जोशींचा अभंग लागला, की आई चुलीपुढून उठून यायची आणि गाणे संपेपर्यंत कोणी रेडिओला हात लावायचा नाही. तिला अक्षरओळख नव्हती. नामदेव-तुकारामांचे अभंग तिला भजनातून पाठ होते. पण ती म्हणायची, या माणसाच्या तोंडून ऐकले की पाठ असलेलेही नवे वाटते.

माझा मामेभाऊ पुण्याला नोकरीला होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने सांगितले, की पुण्यात दर डिसेंबरात सवाई गंधर्वांच्या नावाने मोठा गाण्याचा महोत्सव होतो. भीमसेनजींनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला आणि शेवटच्या रात्री, पहाटेला, ते स्वतः गातात. आईने तेवढे ऐकले आणि ताक-तुपाच्या पैशांचा डबा फडताळातून खाली काढला. तीन वर्षांची शिल्लक होती.

वडिलांना हे पटेना. एक बैल म्हातारा झाला होता, नवी जोड करायची होती. कापूस विकला होता, पण चुकारा हातात पडला नव्हता. ते म्हणाले, "रेडिओत फुकट आइकू येते, त्याच्यासाठी पुन्याले जाते काय कोनी?"

आई शांतपणे म्हणाली, "तुमी तुकडोजी महाराजाले खंजिरी वाजवतानी डोयानं पायलं. ते आजून सांगता ना पोराइले? महाराजाचं भजन तं रेडिओतही लागते. मंग मले काऊन अडवता?"

वडील गप्प झाले. राष्ट्रसंत १९६८ साली गेले, त्याला तेव्हा सतरा वर्षे झाली होती. तरी खंजिरीवर पडणारी त्यांची बोटे आणि एका कडव्यावर साऱ्या सभेने धरलेली टाळी वडील अजून हाताने करून दाखवायचे. डोळ्यांनी पाहिलेले माणसाजवळ किती राहते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितले, "तू संगं जाय."

आता हा प्रश्न खुद्द भीमसेनजींनाही कोणी विचारता आला असता. त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा, गाव कर्नाटकातले गदग. लहानपणी त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ऐकली आणि त्या आवाजाने त्यांना वेडे केले. १९३३ साली, अकराव्या वर्षी, हा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. जवळ पैसे नाहीत. आगगाडीत गाणे म्हणत, लोकांच्या दयेवर, तो ग्वाल्हेरपर्यंत गेला, कलकत्त्याला गेला, पंजाबात जालंधरला राहिला. शेवटी १९३६ साली गदगपासून फार लांब नसलेल्या कुंदगोळात त्याला गुरू मिळाले. ते होते रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. हे त्याच अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. तबकडी तर घराजवळही वाजतच होती. पण तबकडीतून गाणे मिळते, ते कसे होते हे मिळत नाही. त्यासाठी माणसापुढेच बसावे लागते.

आम्ही निघालो तेव्हा ज्वारीची सोंगणी उरकली होती, कापसाची वेचणी चालू होती. वहिनीने घर आणि गुरे अंगावर घेतली, थोरल्या भावाने हरभऱ्याचे पाणी सांभाळले. एक माणूस गाण्याला जातो तेव्हा घरातली चार माणसे त्याचे काम उचलतात, हेही हिशेबात धरले पाहिजे. भाकरी, चटणी आणि एक घोंगडी घेऊन आम्ही एसटीने पातूरवरून अकोल्याला गेलो आणि तेथून पुण्याची गाडी धरली. आईने आगगाडीचा एवढा लांबचा प्रवास आयुष्यात पहिल्यांदा केला.

मामेभावाने सर्वांत स्वस्त, खाली बसण्याची तिकिटे काढून ठेवली होती. शाळेचे मैदान, वर मांडव, खाली सतरंज्या. त्या काळी हा महोत्सव रात्रभर चाले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या नियमांनी बंधन आले, तेव्हापासून रात्रभराच्या बैठकी मागे पडल्या. थंडी चांगलीच होती. आजूबाजूला शालीतले, मफलरमधले पुणेकर. आई घोंगडी पांघरून बसली. ओळखीचे कोणी नाही, भाषाही जरा वेगळी. पण शेजारच्या बाईंनी थर्मासमधला चहा पुढे केला आणि आईने त्यांच्या हातावर चटणी-भाकरी ठेवली. तेवढ्यावर ओळख झाली.

पहाटे भीमसेनजी आले. मागे दोन तंबोरे, बाजूला तबला आणि पेटी. आल्याबरोबर गाणे नाही. त्यांनी तंबोऱ्याला कान लावला, खुंटी किंचित पिळली, पुन्हा कान लावला. हजारो माणसे वाट पाहत बसली आहेत आणि हा माणूस तारा जुळेपर्यंत घाई करीत नाही. आई हळूच म्हणाली, "तिफन जुपाच्या आंधी तुहा बाप असाच दोर तपासते."

मग स्वर लागला. डोळे मिटलेले. आवाज खालून उचलायचा तर हात जमिनीकडे जायचा, वर फेकायचा तर खांदा, मान, सारे अंग त्याच्यामागे धावायचे. तानेत शिरले की वाटायचे, काही जड वस्तू दोन्ही हातांनी ओढून आणताहेत. कपाळावर घाम. डिसेंबरची पहाट, आम्ही घोंगडीत, आणि तो माणूस घामाने भिजलेला. कोणता राग, हे आईने विचारले नाही. बराच वेळ ती पाहत राहिली आणि म्हणाली, "गयाच नाही रे, सारं आंग गाते. लय मेयनत करते बाप्पा हा मानूस!"

मंडळी, माझ्या मते हिशेबातली मोठी रक्कम इथे आहे. रेडिओ आवाज देतो, मेहनत दाखवीत नाही. आपला अनुभवही असाच आहे. शहरातल्या माणसाला ज्वारी दुकानात दिसते. तिच्यामागची नांगरट, निंदण, रात्रीची जागल त्याला दिसत नाही, म्हणून तो भावासाठी घासाघीस करतो. गाण्याच्या बाबतीत आपण सगळेच त्या शहरी गिऱ्हाइकासारखे असतो. समोर बसल्यावर कळते, की जे आपल्याला सहज आणि फुकट आले, ते कोणीतरी घाम गाळून पिकवले आहे.

गाणे संपल्यावर लोक उठले नाहीत. महोत्सवाच्या शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावायचा प्रघात आहे. गुरू १९५२ सालीच वारले होते. खरखरत्या तबकडीतून त्यांचा आवाज आला आणि एवढा मोठा मांडव हात जोडून स्तब्ध झाला. आईने विचारले, "हे कोन?" मी सांगितले, "त्यांचे गुरुजी. आता नाहीत." ती म्हणाली, "म्हनजे ज्याले पायता येत नाही त्याची तबकडी. जो जित्ता हाये त्याच्यापुढं बसा लागते."

गावी परतल्यावर बैलाची गोष्ट निघालीच. पुण्याला खर्च झाला त्यात बैल आला नसता, आणि तो खर्च वाचवूनही आला नसता. चुकारा मिळाल्यावर वडिलांनी तो घेतला. पण रेडिओ मात्र बदलला. म्हणजे यंत्र तेच, ऐकणे बदलले. अभंग लागला की आई डोळे मिटून सांगायची, "आता हात वर गेला पाय. आता मान झटकली." पहिल्यांदा वडील हसायचे. पुढे पुढे तेच विचारू लागले, "आता काय करून राह्यला तो?" एकीने पाहिलेले घरातल्या साऱ्यांना दिसू लागले. आई १९९३ साली गेली. तोवर खळ्यावर, निंदणाच्या पातीवर तिने ती पहाट किती बायकांना सांगितली असेल, त्याची मोजदाद नाही. भीमसेनजींना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले आणि २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. आता त्यांचीही तबकडीच उरली.

म्हणून सांगतो. आज मोबाइलवर जगातला हवा तो आवाज येतो आणि "पुढच्या वर्षी जाऊ" असे म्हणणे आणखी सोपे झाले आहे. शेतीत पुढचे वर्ष हे नेहमी असतेच, पण गाणारा असेलच असे नाही, आणि ऐकणाराही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून पाहा, कोणाला ऐकावेसे वाटते? तो कलावंत अकोल्याला, वाशीमला, अगदी तालुक्याला येणार असेल, तर तिकिटाचे पैसे बियाण्यासारखे आधीच बाजूला काढा आणि त्यांना घेऊन जा. थंडी असेल तर घोंगडी घ्या, बसायला पुढची जागा धरा, म्हणजे त्यांना नीट दिसेल.

आणि दूर जाणे जमत नसेल, तर जवळ पाहा. आपल्याच मुलखात खंजिरी भजनाची मंडळे आहेत, तांड्यावर लेंगी गाणारे आहेत, गोंधळी आहेत, कीर्तनकार आहेत. ते रात्र रात्र गातात आणि सकाळी बिदागी देताना आपण घासाघीस करतो. पुढच्या वेळी त्यांच्या अगदी पुढे बसा, गाताना त्यांच्याकडे नीट पाहा, आणि मग किती द्यायचे ते ठरवा.